‘औरंगाबाद’चं ‘छत्रपती संभाजीनगर’ : हजारो फायलींत एका आज्ञेने नाव बदलताना

प्रकरण असं आहे. जिल्हावार माहिती देणारं एक मराठी संकेतस्थळ आहे. मजकूर डेटाबेसमध्ये नाही, साध्या मजकुराच्या काही हजार फायलींमध्ये आहे आणि त्या सगळ्या गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवलेल्या आहेत. तीन प्रकारचा माल आहे: तालुका-जिल्ह्यांची माहितीपानं, जुन्या बातम्यांचा संग्रह आणि इतिहासावरचे लेख. केंद्राने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी शहराच्या नव्या नावाला मंजुरी दिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा-विभागाच्या नावांची अधिसूचना निघाली. आता माहितीपानांवर नवं नाव हवं. संपादक म्हणतात, “शोधा आणि बदला, पाच मिनिटांचं काम.” आज्ञा चालायला खरोखर पाच मिनिटंही लागत नाहीत. वेळ जातो तो आज्ञेआधी यादी करण्यात आणि नंतर पडताळणी करण्यात.

वाचण्याआधी एक सूचना. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर ग्रेप (शोधणारा), सेड (बदलणारा), सॉर्ट (क्रम लावणारा) ही नावं, त्यांचे पर्याय आणि आकडे रोमन लिपीत टंकायचे. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे. फोल्डरचं नाव ‘मजकूर’ आणि नियमांच्या फायलीचं नाव ‘बदल’ ही मात्र देवनागरीतच ठेवली तरी आजच्या लिनक्सवर काही बिघडत नाही.

पहिला प्रश्न आज्ञेचा नाहीच

काय बदलायचं यापेक्षा काय बदलायचं नाही याची यादी आधी लागते. बातम्यांचा संग्रह पूर्ण वगळायचा. २०१५ च्या बातमीत ‘औरंगाबाद, दि. ५’ असं असेल तर ते तसंच राहिलं पाहिजे, कारण तो त्या दिवसाचा दस्तऐवज आहे. इतिहासाचे लेखही वगळायचे, नाहीतर मुघल सुभ्याची राजधानी ‘छत्रपती संभाजीनगर’ होऊन बसेल. हे दोन निर्णय फोल्डरच्या पातळीवर घेता येतात, त्यामुळे ते सोपे आहेत.

माहितीपानांच्या आतले अपवाद मात्र खोडसाळ आहेत. उच्च न्यायालयाचं ‘औरंगाबाद खंडपीठ’. लोकसभेचा ‘औरंगाबाद’ मतदारसंघ आणि विधानसभेचे ‘औरंगाबाद पूर्व’, ‘औरंगाबाद पश्चिम’, ‘औरंगाबाद मध्य’. मतदारसंघांची नावं परिसीमनाच्या आदेशात आहेत, शहराच्या नावासोबत ती आपोआप बदलत नाहीत. २०२४ च्या दोन्ही निवडणुका जुन्याच नावांनी झाल्या. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा वेगळा जिल्हा आहे आणि उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात त्याच नावाचं गाव आहे. पुस्तकांची शीर्षकं आणि अवतरणचिन्हांतली वाक्यं तर कुणाच्याही हुकमाने बदलू नयेत.

शिवाय ‘औरंगाबादकर’. हा शब्द रहिवाशांसाठीही येतो आणि आडनाव म्हणूनही. रहिवासी ‘छत्रपती संभाजीनगरकर’ होतील, पण एखाद्याचं आडनाव बदलण्याचा अधिकार सेडला नाही. हा फरक कोणत्याही नमुन्याने पकडता येत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो.

यादी काढणं

मराठी नाव क्वचितच एकटं येतं. औरंगाबादचा, औरंगाबादला, औरंगाबादेत, औरंगाबादेतील, औरंगाबादहून, औरंगाबादमधल्या. म्हणून आधी ग्रेपने सगळी रूपं मोजून घ्यायची:

ग्रेप -आरओएच 'औरंगाबाद[^ ,;:.।?!()"<>]*' मजकूर/माहिती | एलसी_ऑल=सी सॉर्ट | एलसी_ऑल=सी युनिक -सी | सॉर्ट -एनआर

‘आर’ने फोल्डरांच्या आतपर्यंत शोध जातो, ‘ओ’ने पूर्ण ओळीऐवजी फक्त जुळलेला तुकडा छापला जातो, ‘एच’ने फायलीचं नाव गाळलं जातं. चौकोनी कंसाचा अर्थ ‘जागा किंवा विरामचिन्ह येईपर्यंतचं सगळं’. ‘एलसी_ऑल’ हे नाव आणि बरोबरीच्या चिन्हापुढचं ‘सी’ मोठ्या अक्षरांत.

त्या कंसात विरामचिन्हं हाताने का लिहिली? विरामचिन्हांसाठी ‘पंक्ट’ नावाचा तयार वर्ग असतो. पण लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीत जे चिन्ह दिसतं पण अक्षर वा अंक नाही ते सगळं विरामचिन्ह धरलं जातं. हलन्ताला, म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हाला, युनिकोडने ‘अक्षर’ हा गुणधर्म दिलेला नाही. परिणामी ‘औरंगाबादच्या’ हा शब्द ‘औरंगाबादच’वर तुटतो. शब्दाची सीमा शोधणाऱ्या ‘\बी’ आणि ‘-डब्ल्यू’ या सोयींचंही तेच दुखणं आहे: जोडाक्षराच्या मधोमध त्यांना शब्द संपल्याचा भास होतो. काना-मात्रा चालतात, हलन्त अडखळवतो. मराठी मजकुरावर या दोन्ही सोयी वापरूच नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

दुसरा खड्डा लोकेलचा, म्हणजे संगणकावरच्या भाषा-लिपीच्या मांडणीचा. ग्रेप यूटीएफ-८ लोकेलमध्येच चालवायचा. तो ‘सी’ लोकेलमध्ये गेला तर अक्षरं न पाहता बाइट पाहतो. आपल्या कंसात दंड आहे, त्याचा पहिला बाइट अष्टमानात ३४०, आणि देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइटही तोच. म्हणजे ‘दंड सोडून काहीही’चा अर्थ ‘कोणतंही देवनागरी अक्षर सोडून काहीही’ असा होतो. सगळी रूपं ‘औरंगाबाद’ अशी उघडीबोडकी दिसतात आणि वाटतं, वा, प्रत्यय नाहीतच! शोध यूटीएफ-८ मध्ये, वर्गवारी मात्र ‘सी’मध्ये, कारण काही जुन्या लोकेलांच्या क्रमकोष्टकात देवनागरी नीट नसते आणि वेगवेगळे शब्द एकच समजले जाण्याचा धोका असतो.

यादीत न दिसणारेही असतात

‘औ’ हे अक्षर एकच सांकेतिक चिन्ह आहे. पण काही जुन्या कीबोर्डांतून आणि फॉन्ट-रूपांतरकांतून ते ‘अ’ अधिक ‘ौ’ असं दोन चिन्हांत येतं. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही, दुसरी पद्धत वापरू नका एवढंच सांगतो. शब्दात मध्येच अदृश्य जोडचिन्ह घुसलेलं असतं ते वेगळंच. आणि ‘ओरंगाबाद’ ही साधी टंकनचूक.

उपाय सोपा आहे. पूर्ण शब्दाऐवजी शेपूट शोधायचं: ‘गाबाद’. ग्रेप -ओ ने ‘गाबाद’ किती वेळा येतं आणि ‘औरंगाबाद’ किती वेळा येतं ते मोजायचं. आकडे जुळले नाहीत तर फरक म्हणजे लपलेली रूपं, शिवाय ‘गाबाद’ असलेले इतर शब्द असतील तर तेही. मोजताना ग्रेपचा ‘-सी’ पर्याय वापरू नका, तो ओळी मोजतो, शब्द नाही. एका ओळीत तीनदा नाव आलं तरी त्याचा हिशोब एकच. ‘-ओ’ लावून पुढे ‘डब्ल्यूसी -एल’ जोडायचं.

श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर असेल तर हा शोध शून्य देईल. त्या फायलींत देवनागरी नसतेच, लॅटिन बाइट असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग बदल. ग्रेपने ‘बायनरी फाइल जुळली’ असा संदेश दिला तर बहुधा अशीच मिश्र फाइल सापडली आहे. वर्डच्या ‘डॉक्स’ फायलींकडेही सेड वळवू नये, त्या मुळात झिप असतात.

नियमांची फाइल

लांबलचक आज्ञा अवतरणचिन्हांत कोंबण्यापेक्षा ‘बदल’ नावाच्या फायलीत एकेका ओळीवर एकेक नियम लिहावा आणि सेडला ‘-एफ बदल’ असं सांगावं. सेड प्रत्येक ओळ उचलतो, सगळे नियम वरून खाली तिच्यावर चालवतो, मग पुढची ओळ घेतो. म्हणून नियमांचा क्रम हाच या कामाचा कणा.

आधी झाकायचं, मग बदलायचं, मग उघडायचं. झाकण्यासाठी मजकुरात कुठेही नसलेलं चिन्ह निवडायचं. इथे ‘※’ घेतलं. ते खरोखर कुठेच नाही हे आधी ग्रेपने तपासायचं. नियमात ‘एस’ म्हणजे बदला, पहिल्या दोन रेघांमधलं शोधायचं, पुढचं त्याच्या जागी घालायचं, आणि ‘जी’ म्हणजे ओळीत जितक्यांदा येईल तितक्यांदा.

एस/औरंगाबाद खंडपीठ/※ खंडपीठ/जी
एस/औरंगाबादच्या खंडपीठ/※च्या खंडपीठ/जी
एस/औरंगाबाद पूर्व/※ पूर्व/जी
एस/औरंगाबादकर/※कर/जी
एस/औरंगाबादी/※ी/जी
एस/(औरंगाबाद)/(※)/जी
एस/औरंगाबादे/छत्रपती संभाजीनगरा/जी
एस/औरंगाबाद/छत्रपती संभाजीनगर/जी
एस/※/औरंगाबाद/जी

‘पूर्व’सारख्याच ओळी ‘पश्चिम’, ‘मध्य’ आणि लोकसभा मतदारसंघासाठी घालायच्या. ‘औरंगाबादकर’ सरसकट झाकला आहे. रहिवाशांच्या अर्थाने आलेले नंतर ग्रेप -एन ने ओळ क्रमांक काढून हाताने बदलायचे. बिहारची पानं वेगळ्या फायलींत असतील तर त्या फायलीच वगळाव्यात.

सहावा नियम पाहा. ‘छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)’ असं आधीच कुणी लिहून ठेवलं असेल तर नाव दोनदा येऊ नये म्हणून तो आहे. सेडच्या मूळ पद्धतीत गोल कंस हा नुसता कंस असतो. पण सवयीने ‘-ई’ (मोठं अक्षर) लावून विस्तारित पद्धत चालू केली की तोच कंस गट बनवण्याचं चिन्ह होतो. मग नियम प्रत्येक ‘औरंगाबाद’ला जुळतो, उजवीकडचा कंस मात्र अक्षरशः उमटतो आणि पूर्ण संकेतस्थळावर नाव न बदलता ‘(औरंगाबाद)’, ‘(औरंगाबाद)ला’ असे कंस पिकतात.

सातव्या-आठव्याचा क्रम उलटला तर काय होतं? ‘औरंगाबादेत’चं ‘छत्रपती संभाजीनगरेत’. मराठीत ‘नगरेत’ नाही, ‘नगरात’ आहे. ‘औरंगाबादे’ आधी बदललं की ‘-त’, ‘-तील’, ‘-तून’, ‘-हून’, ‘-स’ सगळी शेपटं आपोआप सरळ लागतात: नगरात, नगरातील, नगरातून. प्रत्येक रूपासाठी वेगळा नियम लिहायची गरज नाही.

याच कामात ‘उस्मानाबाद’चं ‘धाराशिव’ करायचं असेल तर ‘उस्मानाबादी’ झाकायला विसरू नका. ती शेळीची जात आहे. नियम विसरला तर पशुपालनाच्या पानावर ‘धाराशिवी शेळी’ चरताना दिसेल.

‘अहमदनगर’चं ‘अहिल्यानगर’ करतानाही जपा. त्याला लोक ‘नगर’ म्हणतात, पण नुसत्या ‘नगर’वर नियम कधीही लिहू नये. उल्हासनगरपासून आत्ताच घातलेल्या संभाजीनगरापर्यंत सगळीकडे तो घुसेल.

कुठे कुठे वाक्यं अर्ध्यात तुटलेली असतात. ओळीच्या शेवटी ‘औरंगाबाद’ आणि पुढच्या ओळीवर ‘खंडपीठ’. सेड एका वेळी एकच ओळ पाहत असल्याने झाकायचा नियम लागू होत नाही. म्हणून 'औरंगाबाद$' या नमुन्याने ओळीच्या शेवटी आलेली नावं आधीच पाहून घ्यावीत. विंडोजवर तयार झालेल्या फायलींत ओळीच्या टोकाला एक अदृश्य चिन्ह जास्त असतं, त्यात हा डॉलर फसतो. त्यांच्या ओळशेवट आधी एकसारख्या करून घ्याव्यात.

दुवे हा स्वतंत्र विषय. ‘/जिल्हे/औरंगाबाद/’ असा पत्ता असेल आणि तो बदलला, पण फोल्डरचं नाव बदललं नाही, तर पान सापडत नाही. बाहेरच्यांनी दिलेले दुवे तर तुटणारच. आम्ही पत्ते न बदलण्याच्या बाजूचे आहोत. झाकण्याच्या यादीत 'एस|/औरंगाबाद/|/※/|जी' ही ओळ घालायची. नमुन्यातच तिरकी रेघ असल्याने विभाजक म्हणून उभी रेघ घेतली आहे, सेड जवळपास कोणतंही साधं चिन्ह विभाजक म्हणून चालवून घेतो. टक्का-चिन्हांच्या रूपात असलेल्या पत्त्यांना हे नियम शिवतच नाहीत, तेवढाच आराम.

आज्ञा चालवणं

आधीचे सगळे बदल गिटमध्ये कमिट झालेले, म्हणजे कायमचे नोंदवलेले, आहेत याची खात्री केल्यावरच:

गिट ग्रेप -एलझेड 'औरंगाबाद' -- मजकूर/माहिती | एक्सआर्ग्ज -० सेड -आय.बॅक -एफ बदल

गिट ग्रेप का? ‘फाइंड’ने सगळ्या फायली सेडला दिल्या तर त्यात गिटचं स्वतःचं लपवलेलं फोल्डरही येऊ शकतं, आणि तिथल्या फायलींत हात घातला की इतिहासच बिघडतो. गिट ग्रेप फक्त नोंदवलेल्या फायली पाहतो, त्यातही ज्यांत शब्द आहे त्याच देतो, म्हणून बाकीच्यांची बदल-वेळ उगाच बदलत नाही. ती यादी सेडच्या हाती देतो तो एक्सआर्ग्ज. ‘झेड’ आणि ‘-०’ ही जोडी फायलींच्या नावांतल्या मोकळ्या जागांसाठी. शिवाय ‘झेड’ नसेल तर गिट देवनागरी नावं तिरक्या रेघा आणि आकड्यांच्या रूपात छापतो, आणि त्या नावाची फाइल सेडला मिळत नाही.

‘-आय’ने फाइल जागच्या जागी बदलते आणि मूळ प्रत नावाला ‘.बॅक’ हे शेपूट लावून उरते. ‘-आय.बॅक’ हे एकसलग लिहायचं. मॅकवरचा सेड ‘-आय’नंतर प्रतीचं शेपूट मागतोच. नुसतं ‘-आय’ दिलं तर तो पुढचाच शब्द शेपूट समजून गिळतो आणि फायलीच्या नावाला आज्ञा मानून तक्रार करतो. एकसलग शेपूट दोन्हीकडे चालतं. लिनक्सचा सेड ‘-आय’ करताना नवी फाइल तयार करून जुनीच्या जागी ठेवतो. त्यामुळे प्रतीकात्मक दुवा (दुसऱ्या फायलीकडे नुसतं बोट दाखवणारी नोंद) असेल तर दुवा जातो आणि तिथे खरी फाइल येते. असे दुवे असतील तर ‘--फॉलो-सिमलिंक्स’ लावावं.

आणि ‘सेड … फाइल > फाइल’ असं कधीही नाही. शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, सेड सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी करतो. मग सेडला वाचायला काही उरत नाही.

बाइटांचा ताळा

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘औरंगाबाद’मध्ये औ, र, अनुस्वार, ग, काना, ब, काना, द अशी ८ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. ‘छत्रपती संभाजीनगर’मध्ये १६ चिन्हं आणि एक मोकळी जागा, म्हणजे ४९. दर बदलाला बरोबर २५ बाइट वाढतात. ‘औरंगाबादे’चं ‘नगरा’ करताना एका मात्रेच्या जागी एक काना येतो, त्यामुळे तिथेही फरक २५ च. झाकलेले शब्द परत तसेच उघडतात, त्यांचा फरक शून्य.

म्हणून आज्ञेआधी आणि नंतर सगळ्या फायलींचे एकूण बाइट मोजायचे:

गिट एलएस-फाइल्स -झेड मजकूर/माहिती | एक्सआर्ग्ज -० कॅट | डब्ल्यूसी -सी

फरकाला २५ ने भागायचं. फरक १०,०२५ आला तर ४०१ बदल झाले. हाच आकडा ‘आधीचे औरंगाबाद वजा नंतरचे औरंगाबाद’ याच्याशी जुळला पाहिजे. बाकी उरली तर कुठेतरी वेगळंच काही घडलं आहे. मॅकवर बाकी एक-दोन उरली तर ज्या फायलींच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह नव्हतं तिथे सेडने ते घातलेलं असू शकतं. लिनक्सचा सेड घालत नाही.

तिन्ही नावं एकदम बदलू नयेत याचं कारणही इथेच आहे. ‘उस्मानाबाद’ ३० बाइट, ‘धाराशिव’ २१: दर बदलाला ९ कमी. ‘अहमदनगर’ २१, ‘अहिल्यानगर’ ३०: दर बदलाला ९ जास्त. दोन्ही एकत्र चालवले की फरक एकमेकांना खाऊन टाकतो आणि ताळा काहीच सांगत नाही. एक नाव, एक ताळा, एक कमिट.

ताळ्याने संख्या कळते, जागा कळत नाही. त्यासाठी ‘गिट डिफ --वर्ड-डिफ’ काढून निदान खंडपीठ, मतदारसंघ आणि अवतरणं असलेली पानं वाचावीत. ‘गिट डिफ --नमस्टॅट’मध्ये प्रत्येक फायलीपुढे वाढलेल्या आणि गेलेल्या ओळींचे आकडे सारखे असले पाहिजेत. शब्द बदलला की ओळींची संख्या बदलत नाही.

हा नियमसंच चुकून लगेच दुसऱ्यांदा चालला तरी मजकुराचं नुकसान नाही, कारण नव्या नावात जुनं नाव कुठेच नाही. पण नुसत्या ‘संभाजीनगर’ला ‘छत्रपती’ जोडायचा नियम असा निरुपद्रवी नसतो, दुसऱ्या फेरीत ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ होतं. तिथे आधी ‘छत्रपती संभाजीनगर’चं ‘संभाजीनगर’ करायचं आणि मग सगळ्यांना ‘छत्रपती’ जोडायचं. तेही वेगळ्या फेरीत, वेगळ्या कमिटमध्ये.

उरलेली कामं सेडच्या आवाक्याबाहेरची आहेत. अकारविल्हे याद्यांत ‘औ’खालचं नाव आता ‘छ’खाली जायला हवं, आणि सेड ओळ बदलतो, हलवत नाही. नाव दुप्पट लांब झाल्याने मोबाइलवरचे तक्ते उजवीकडे वाहून जातात का तेही पाहायचं. शोधपेटीत जुनं नाव टाकणाऱ्याला नवं पान मिळावं म्हणून पर्यायी शब्दांच्या यादीत ‘औरंगाबाद’ ठेवायचं. आणि हे सगळं झाल्यावरच ‘.बॅक’ प्रती पुसायच्या. त्या गिटमध्ये जाऊ नयेत म्हणून दुर्लक्ष-यादीत त्यांचं शेपूट आज्ञा चालवण्याआधीच घालून ठेवलेलं बरं.